व्हेंडर दोन, पण खाली प्लेटिंगवाला एकच! सप्लाय चेनची रिस्क कशी ट्रॅक करता?

खरेदी_चाकण:
मंडळी, आम्ही ब्रेकचे पार्ट बनवतो, टियर-१, म्हणजे थेट गाडी कंपनीला माल देणारे. मागच्या आठवड्यात भोसरीतलं एक प्लेटिंग (पार्टला धातूचा मुलामा देणारं) युनिट बंद पडलं आणि आमचे दोन व्हेंडर एकदमच लटकले, कारण दोघंही माल तिथंच पाठवायचे!! आमच्या शीटवर दोघं एकमेकांचे अल्टरनेट, दोघंही हिरवे. आता साहेब म्हणतायत डॅशबोर्ड घ्या, न्यूज अलर्ट वगैरे असलेला. त्यात टियर-२, ३, म्हणजे आमचे व्हेंडर आणि त्यांचे व्हेंडर, खरंच दिसतं का?

हीट_नंबर:
डॅशबोर्ड नंतर हो, आधी घरातले कागद उघडा. स्टीलच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेट) मिलचं नाव नि हीट नंबर (वितळवलेल्या लॉटचा नंबर) असतो, प्लास्टिकचा ग्रेड आयएमडीएसमध्ये (गाड्यांच्या मटेरियलचा ऑनलाइन डेटाबेस) भरलेला असतो, आणि प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट कुठं होतं ते जॉबवर्क चलनावर (बाहेर कामाला माल पाठवतानाचा कागद). आमच्याकडे एका ट्रेनी पोरीनं एवढंच एक्सेलमध्ये टाकून सॉर्ट केलं तर चार व्हेंडरांची वायर एकाच मिलची निघाली. व्हेंडर आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं तुम्ही त्याला वगळून डायरेक्ट जाल. ऑडिटला गेलात की चलनाची फाइल मागा.

नायलॉनवाला:
+१. ३१ मार्च २०१२, जर्मनीत मार्लला इव्होनिकच्या प्लांटमध्ये आग लागली, तिथं सीडीटी नावाचं केमिकल बनायचं, त्यापासून नायलॉन-१२ आणि त्याच्या फ्युएल लाइन, ब्रेक लाइन. ट्यूबवाले ढीगभर, पण खालचं केमिकल मोजक्याच ठिकाणी. एप्रिलमध्ये सगळी ऑटो इंडस्ट्री मिशिगनमध्ये एकत्र बसली, पर्यायी मटेरियल पटापट पास कसं करायचं म्हणून.

शॉपफ्लोअर_काका:
मॅपिंग ठीक, पण ते सहा महिन्यांत शिळं होतं. मी दोनच आकडे बघतो, साखळीतला एखादा नोड, म्हणजे एखादा कारखाना, बंद पडला तर परत उभं राहायला किती दिवस, आणि तोवर आपला स्टॉक किती दिवस पुरेल. फोर्डनं एमआयटीचे प्राध्यापक सिमची-लेव्ही यांच्याबरोबर हेच केलं होतं. अलर्टचं म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटवर एक्सपोर्ट कंट्रोल लावला ते सगळ्यांना लगेच कळलं की, ज्याच्याकडे स्टॉक नव्हता त्यानं अलर्ट वाचून काय केलं?

खरेदी_चाकण:
आमचा प्लेटर बदलला तर सॉल्ट स्प्रे टेस्ट (गंजाची) परत, कस्टमरचं पीपीएपी (पार्टची मंजुरी) परत. ते दिवस पण धरायचे?

शॉपफ्लोअर_काका:
धरायचेच, बहुतेक वेळ त्यातच जातो. मशीन परवा चालू होईल, कस्टमरची सही महिन्यानं येते.

खरेदी_चाकण:
बरं, टीसीची फाइल क्वालिटीवाल्यांकडे आहे, उद्या मागतो. साहेबांना डॅशबोर्डचं काय सांगू?

हीट_नंबर:
डेमो बघा की, फुकट असतो. फक्त त्यांना विचारा आमचा प्लेटर यात दाखवा म्हणून 😄