बड्या टेक कंपन्या घ्या आणि वीस वर्षं विसरा? मला पटत नाही

ताळेबंद:
"कंपनी उत्तम असेल तर भाव बघू नका" हा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. पण मायक्रोसॉफ्टने 1999 च्या डिसेंबरात गाठलेला उच्चांक ओलांडायला 2016 उजाडलं. कंपनी बुडाली नव्हती. 2000 ते 2011 या आर्थिक वर्षांत नफा जवळपास अडीचपट झाला, पण साठीच्या वरचा पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा) दहाच्या आसपास उतरला. उदाहरणार्थ, पीई 60 चा 20 झाला तर नफा तिप्पट होऊनही भाव जागच्या जागी राहतो. मार्च 2000 मध्ये जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरलेल्या, नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोला तर तो भाव परत दिसायला 25 वर्षं लागली.

चक्रवाढ:
नेमकं शिखरावर एकरकमी घेणाऱ्याचंच उदाहरण का? दरमहा ठरावीक रक्कम घालणाऱ्याला त्याच काळात मायक्रोसॉफ्ट स्वस्तात मिळत गेला. शिवाय अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेसेम्बाइंडर यांचा अभ्यास पाहा: 1926 ते 2016 मध्ये अमेरिकी शेअरांनी ट्रेझरी बिलांपेक्षा (सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे) जास्त जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम 4 टक्के कंपन्यांची. महाग वाटला म्हणून विकलात, तर नेमका त्या चारांतलाच हातचा जाईल.

निर्देशांकी:
ते चार टक्के आधी ओळखणार कोण? दरमहा घालण्याचा उपाय कंपनी सावरली तरच लागू पडतो. एकेकाळी इंटेलही 'कायम ठेवावा' असाच शेअर होता. नोव्हेंबर 2024 मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकातून तो गेला आणि एनव्हिडिया आला. इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, ही अदलाबदल आपोआप होते. मात्र बाजारमूल्यावर आधारलेल्या फंडातही वरच्या दहा कंपन्यांचा वाटा फुगतो, तो वर्षातून एकदा तरी तपासावा.

चक्रवाढ:
मान्य. पण आजच्या बड्यांकडे खरा नफा आहे, 2000 च्या इंटरनेट फुग्यासारखी नुसती स्वप्नं नाहीत.

ताळेबंद:
सिस्कोकडेही खरा नफा होता! आणि आजचा नफा घसाऱ्यावर, म्हणजे यंत्रांची किंमत किती वर्षांत विभागून खर्ची टाकली यावर, अवलंबून आहे. 600 कोटी डॉलरचे सर्व्हर 4 वर्षांत विभागले तर वर्षाला 150 कोटी खर्च दिसतो, 6 वर्षांत विभागले तर 100. रोख तेवढीच गेली, करपूर्व नफा मात्र 50 कोटींनी वाढला. अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी) आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सर्व्हरसाठी ही मुदत चाराची सहा वर्षं केली. अॅमेझॉनने 2025 पासून काही सर्व्हरांची सहाची पाच केली. चिप त्याआधीच कालबाह्य झाली तर उरलेली किंमत एका फटक्यात खर्ची टाकावी लागू शकते. म्हणून पीईआधी कामकाजातून आलेली रोख घ्या, त्यातून भांडवली खर्च (सर्व्हर, इमारती यांवरचा) वजा करा आणि उरलेला आकडा बाजारमूल्याशी ताडून बघा.

चक्रवाढ:
डेटा सेंटर उभारणीच्या ऐन वर्षांत तो आकडा खालीच दिसणार. एका वर्षावर निकाल देऊ नका, पाच वर्षांची सरासरी काढा.