सेफ्टीचं ट्रेनिंग युनियनने घेतलं तर कुणाचं पोट का दुखतं?

प्रेसशॉपवाला

काल इथेच एका एचआर मॅनेजरांनी लिहिलं की त्यांच्या कंपनीत युनियनने सेफ्टीचे वर्ग स्वतः घ्यायला वर्षातून दोन दिवस मागितले आणि त्यांनी साफ नकार दिला. कारण काय, तर 'सेफ्टी हा तज्ज्ञांचा विषय आहे, पुढाऱ्यांचा नाही. वर्करच्या डोक्यात भरवलं तर उद्या जो तो मशीन बंद करून बसेल.' त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग पाहून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मी पॉवर प्रेसवर काम केलेला माणूस आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग, खाली यायला हवा, म्हणजे हात डायमध्ये (खालच्या साच्यात) राहूच शकत नाही. हे प्रत्येक कंपनीच्या पीपीटीत असतं. प्रत्यक्षात एक बटण पाचर मारून दाबून ठेवलेलं असतं, कारण एक हात मोकळा राहिला की पीस जास्त निघतात. सुपरवायझरला माहीत, मेंटेनन्सला माहीत, ट्रेनिंग घेणाऱ्या साहेबांनाही माहीत. पण 'पाचर मारायला कुणी सांगितलं' हे ते वर्गात विचारू शकत नाहीत. त्यांचा पगार आणि तासाचं टार्गेट एकाच केबिनमधून येतं.

आमच्या युनियनने रविवारी हॉल घेऊन वर्ग घेतला तेव्हा शिकवायला आमच्यातलाच जुना डाय सेटर होता. त्याने फळ्यावर प्रेस काढली आणि विचारलं, बटण न दाबता रॅम खाली आलाय असं कुणाचं झालंय का? आधी सगळे गप्प. मग एकाने हात वर केला, मग दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने, मग तिसऱ्याने. तिघंही एकाच मशीनवरचे. प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच हात लागला असेल, आणि मेमोच्या भीतीने कुणी बोललं नव्हतं. कमिटीने लेखी दिल्यावर मशीन उघडली, तर क्लचची की झिजलेली. डबल स्ट्रोक मारत होती प्रेस, म्हणजे एकदा दाबलं की रॅम दोनदा खाली. हे कुठल्या तज्ज्ञाला त्याच्या पीपीटीतून कळलं असतं?

कायद्यालाही हे परकं नव्हतं. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत कारखाना अधिनियमात कलम १११-अ आलं. मालकाकडून सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा आणि इन्स्पेक्टरकडे थेट गाऱ्हाणं नेण्याचा कामगाराचा हक्क त्यात लिहिलेला होता. आणि भोपाळच्या त्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार गेला होता. तेव्हापासून तिथली युनियन धोक्याबद्दल ओरडत होती, पोस्टर लावत होती. त्यांनाही 'हा तुमचा विषय नाही' असंच सांगितलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच: वर्गातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी न घाबरता मशीन थांबवू शकतो का? नसेल थांबवू शकत, तर तुमचं ट्रेनिंग हजेरीपटापुरतं झालं. आणि ती हिंमत मागे कुणीतरी उभं असल्याशिवाय येत नाही.

सेफ्टी इन्चार्ज

क्लचचा किस्सा चांगला आहे, आता दुसरी बाजू ऐका. मी निम्मं आयुष्य सेफ्टी ऑफिसर म्हणून काढलंय. एका ऑपरेटरने लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास केला, मी तीनदा समज दिली, चौथ्यांदा सस्पेंड करायला लावलं. युनियनने गेटवर सभा घेतली आणि तो पूर्ण पगारासकट परत आला. त्यानंतर शॉपमध्ये मला कोण विचारणार? त्याच महिन्यात आणखी दोघांनी कर्टन बायपास केला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे धोका भत्ता. शॉट ब्लास्टिंगच्या (छऱ्यांचा मारा करून पार्ट साफ करण्याच्या) धुळीवर डस्ट कलेक्टर बसवण्याचा प्रस्ताव मी वर पाठवला होता. कराराच्या वाटाघाटीत युनियनने त्याऐवजी भत्ता घेतला, कारण भत्ता पगाराच्या स्लिपवर दिसतो आणि निवडणुकीत सांगता येतो. धूळ आहे तिथेच राहिली, फुप्फुसात जात राहिली. हे लोक ट्रेनिंग घेणार?

प्रेसशॉपवाला

भत्त्याचा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. फुप्फुसं विकून भत्ता घेणारे पुढारी मीही पाहिलेत. पण त्या कराराच्या टेबलावर मॅनेजमेंटही बसलेलीच होती ना? डस्ट कलेक्टरपेक्षा भत्ता स्वस्त पडतो हे गणित कुणाचं होतं? आणि कर्टन बायपास करणाऱ्याला तुम्ही समज दिलीत, बरोबर. कर्टन चालू ठेवला तर तासाला किती पीस कमी निघतात आणि ते कमी पीस चालतील का, हे प्रॉडक्शन मॅनेजरला विचारलंत का?

सेफ्टी इन्चार्ज

विचारलं होतं. माझी बदली झाली.

प्रेसशॉपवाला

मग तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, साहेब.

सेफ्टी इन्चार्ज

नाही. मी कुणाच्याच बाजूचा नाही, आणि सोयीचं वाक्य उचलून मला तुमच्या झेंड्याखाली उभं करू नका.

चाकणकर

दोघांचं सवाल-जवाब वाचला. परमनंट आणि साहेब, दोघंही पंख्याखाली बसून बोलताय. आमच्या लाइनवर परमनंट मोजके, बाकी सगळे कंत्राटी आणि ट्रेनी. प्रेसवर कोण असतं? आम्ही. परमनंट माणूस क्वालिटीला नाहीतर स्टोअरला.

माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. सकाळी अपघात झाला आणि माझं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, नाव त्याच दिवशी दुपारी टाकलं, तोपर्यंत मला गाडीतच बसवून ठेवलं होतं. नंतर कळलं की ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात कमाईची किती ताकद गेली याचा दर ठरलेला आहे: तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं ११ टक्के, अंगठा ३० टक्के. मला ११ लागले. युनियनचं ऑफिस गेटला लागूनच. तिथे गेलो तर म्हणाले, तुझ्या ठेकेदाराला विचार, तू आमचा मेंबर नाहीस. आता सांगा, तुमच्या रविवारच्या हॉलमध्ये कंत्राटी किती होते?

प्रेसशॉपवाला

चाकणकर, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं. त्या वर्गात कंत्राटी नव्हते. युनियनच्या घटनेप्रमाणे मेंबरलाच बोलावता येतं, आणि कंत्राटी कामगार आला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास बंद करतो, हेही तुम्हाला माहीत आहे. त्याच्या भल्यासाठीच आम्ही...

चाकणकर

आमच्या भल्यासाठी! बोनसच्या संपात आम्ही बाहेर उभं राहायचं, तेव्हा गेटपास आठवत नाही. सेफ्टीच्या वर्गाला मात्र आठवतो.

खानदेशी

चाकणकर बरोबर बोलतोय. युनियनवाल्यांना कंत्राटी मेंबर म्हणून नकोच आहेत, कारण कंत्राटी आहेत म्हणून परमनंटचा पगार टिकून आहे. सगळ्या औद्योगिक पट्ट्यात हेच चाललंय.

प्रेसशॉपवाला

एका फटक्यात सगळ्यांना चोर ठरवू नका. कंत्राटींना कायम करा म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणाऱ्या युनियन आहेत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी किती वर्षं कोर्टात झगडा दिला, तो वाचा आणि मग बोला.

रानजाई

विषय कुठे निघालाय! पण युनियन म्हणजे फक्त परमनंटची, हे मान्य नाही म्हणून लिहिते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. कचरावेचक बाया, कुणीच परमनंट नाही, मालकच नाही. त्यांच्या बैठकीत बायकाच बायकांना सांगायच्या की सिरिंज कशी ओळखायची, फुटकी काच कुठल्या पिशवीत असते, पोत्याचं वजन कमरेवर कसं येतं. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका लावून द्या, ही मोहीमही त्यांच्यातूनच आली. हातमोजे घाला असं सांगणारे साहेब खूप भेटतात. त्या मोज्यात बोटं शिजतात, ओला कचरा आत गेला की खाज सुटते, हे मोजे घालणाऱ्यांनीच सांगितलं.

सेफ्टी इन्चार्ज

मोज्यांबद्दल शंभर टक्के बरोबर. खरेदी विभाग सगळ्यात स्वस्त मोजे आणतो आणि शिव्या आम्ही खातो.

चार मार्च

माझा एकच राग आहे, तो इथे काढतो. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. आठवडाभर घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी, पोस्टर, छातीला बिल्ला. वर्षानुवर्षं तीच बक्षिसं, तेच फोटो. आमच्या प्लँटमध्ये घोषवाक्याला पहिलं बक्षीस मिळालेला पोरगा त्याच महिन्यात टँकमध्ये उतरला, आत गॅस आहे की नाही ते न तपासता. वाचला, पण कुणाच्या पुण्याईने ते माहीत नाही. बंद जागेत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजायचा असतो, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा असतो, आणि आतला पडला तर बाहेरच्याने धावत आत उडी घ्यायची नसते. एवढं शिकवायला अर्धा तास पुरतो. रांगोळीला दोन दिवस मिळतात.

लघुउद्योजक

माझ्या शेडमध्ये अठरा माणसं. युनियन नाही, होणारही नाही. मला वर्ग कोण देणार? लाइट कर्टन बसवायचा खर्च मी कुठून काढू? ज्या मोठ्या कंपनीला मी पार्ट देतो ती दरवर्षी भाव खाली ओढते आणि ऑडिटला येऊन मलाच विचारते, मशीनवरचा गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षण) कुठे आहे?

प्रेसशॉपवाला

तुमचं दुखणं खरं आहे. पण हेही बघा: कारखाना अधिनियमाच्या जागी केंद्राची नवी सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर गेली. म्हणजे तुमची अठरा माणसं 'कारखान्या'त मोजलीच जाणार नाहीत. त्यांच्या बोटांचा हिशेब कुणी ठेवायचा?

लघुउद्योजक

माझी माणसं माझ्या घरची आहेत, मी ठेवतो हिशेब.

चाकणकर

माझा ठेकेदारही हेच म्हणायचा.

लघुउद्योजक

तोंड सांभाळून बोला. मी माझ्या माणसाला दवाखान्यात स्वतः घेऊन गेलोय, गाडीत बसवून ठेवला नाही. सगळे मालक सारखे नसतात.

बर्मिंगहॅमकर

वाद तापलाय, तरी इकडचं सांगतो. ब्रिटनमध्ये १९७७ चे नियम ऑक्टोबर १९७८ पासून लागू आहेत. मान्यताप्राप्त युनियन सेफ्टी रेप, म्हणजे कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी, नेमते, त्याला कामाच्या वेळेत, पगारी, युनियनच्या प्रशिक्षणाला जाता येतं, आणि तो जागेची तपासणी करू शकतो. मालकाची परवानगी मागावी लागत नाही. इथल्या वेअरहाउसमध्ये मी हे होताना पाहिलंय. रेपने रॅकिंगचा (माल ठेवायच्या उंच मांडणीचा) वाकलेला खांब दाखवला आणि ती लेन बंद झाली. पण चाकणकरांचा मुद्दा इथेही आहेच. एजन्सीची पोरं रात्रपाळीला असतात आणि रेप दिवसपाळीला.

सेफ्टी इन्चार्ज

ब्रिटनची उदाहरणं देऊ नका, तिथे इन्स्पेक्टर येतो. आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा संचालनालयात माणसं किती आणि कारखाने किती, हे सगळ्यांना माहीत आहे. जून २०२१ मध्ये पिरंगुटजवळ उरवड्याला आग लागून कामगार गेले, बहुतेक बायका. डोंबिवलीत मे २०१६ ला स्फोट झाला, मे २०२४ ला पुन्हा झाला. तिथे युनियनचा वर्ग झाला असता तर थांबलं असतं, असं म्हणणं आहे का तुमचं?

रानजाई

थांबलं असतंच असं कुणी म्हणत नाही. पण बाहेर पडायची वाट कुठे आहे आणि ती मालाने अडली आहे का, हे आतल्या बायांना विचारणारं कुणी तरी लागतं. आणि त्यांच्या उत्तरासाठी त्यांची नोकरी जाता कामा नये.

निवृत्त नर्स

मेडिकलबद्दल कुणीच बोललं नाही. कंपनीचा डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतो आणि रिपोर्ट फाइलला लावतो, कामगाराला दाखवत नाही. मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीत मुरलीधर आणि कान्हेरे यांनी १८१ कामगार तपासले, त्यातल्या ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, निघाला. २००५ ला ते छापून आलं. आपला रिपोर्ट मागायचा असतो, हे कामगाराला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. मी कंपनीच्या दवाखान्यात होते. मला ते शिकवायला मनाई होती.

सेफ्टी इन्चार्ज

ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मान्य करतो, पुढाऱ्यांसाठी नाही. घ्या वर्ग. माझी अट एकच: ज्या युनियनने वर्ग घेतला तिनेच करारात गार्डऐवजी भत्ता घ्यायचा नाही, आणि गार्ड काढणाऱ्यासाठी गेटवर सभा घ्यायची नाही. लिहून द्या.

प्रेसशॉपवाला

भत्त्याचं लिहून देतो. सभेचं नाही. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला, हे चौकशीत निघेपर्यंत आम्ही आमच्या माणसामागे उभे राहणारच.

सेफ्टी इन्चार्ज

मग अर्धंच मिळालं. ठीक, अर्धं तर अर्धं.

चाकणकर

तुमचं जमलं असेल तर माझा प्रश्न अजून तसाच आहे. वर्गात कंत्राटी बसणार का? हो की नाही.

प्रेसशॉपवाला

कार्यकारिणीत ठराव ठेवतो. विरोध होणार, आमचेच जुने लोक करणार. मी मतदान मागणार.

चाकणकर

झाला तर तारीख इथेच टाका, हॉल कंपनीच्या गेटपासून लांब घ्या, ठेकेदाराचा माणूस पानटपरीवर उभा असतो. माझ्या लाइनवरचे निम्मे बिहार-ओडिशाचे आहेत. वर्ग मराठीतच होणार असेल तर आधी सांगा, मी हिंदीत सांगायला बसेन.