पोरगा अठरा पूर्ण करतोय: गाडीला फुल इन्शुरन्स की नुसती थर्ड पार्टी?

जुळे सोलापूरकर
गाडी 2019 ची, 1,197 सीसी, एमएच-13 पासिंग. आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) 50 टक्के. पुढच्या महिन्यात पॉलिसी संपतेय आणि त्याच महिन्यात थोरला अठरा पूर्ण करतोय. एजंटने फुलचे 10,900 सांगितले. वर म्हणतो, "पोरगं चालवणार म्हणजे हप्ता वाढणारच." धाकटीच्या क्लासची फीही याच महिन्यात आहे. एक वर्ष नुसत्या थर्ड पार्टीवर (म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा) काढावं का?

होटगी रोडवाला
काढा की! माझी गाडी तीन वर्षं थर्ड पार्टीवरच आहे. 1,000 ते 1,500 सीसीला हप्ता 3,416 आणि त्यावर जीएसटी. दर सरकारनेच ठरवलेला, कुठल्याही कंपनीकडे तोच. समोरच्याला इजा झाली किंवा जीव गेला तर भरपाईला मर्यादा नाही. कायद्याला एवढंच लागतं. वाचलेले सहा-सात हजार बँकेत टाका. बंपर घासला तर त्यातून रंगवून घ्या.

पॉलिसी वाचणारी
दादा, हा सल्ला या घराला महागात पडेल. ओन डॅमेज (फुलमधला आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग) बंद करून 90 दिवस उलटले की एनसीबी शून्य. पुढच्या वर्षी परत फुल घ्यायला गेलात की आधी गाडीची तपासणी आणि हप्ता पूर्ण. पाच वर्षं जपलेली निम्मी सूट एका वर्षाच्या बचतीपायी घालवायची?

एजंटचं म्हणणंही नीट तपासा. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो: सीसी, वय, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), पासिंग कुठलं. पुण्याचं पासिंग 'ए' झोनमध्ये येतं, सोलापूर 'बी' मध्ये, म्हणून आपल्याला थोडं स्वस्तच. घरातलं कोण चालवणार याचा रकाना माझ्या फॉर्मवर तरी नव्हता. वैध लायसन्स असलेला कोणीही तुमच्या परवानगीने चालवू शकतो. तेव्हा वाढीव रक्कम कशाची, ते ओळ न् ओळ लिहून मागा.

होटगी रोडवाला
ताई, एनसीबी जपायचा म्हणजे क्लेमच करायचा नाही. मग फुल घ्यायचं कशाला?

पॉलिसी वाचणारी
मोठ्या फटक्यासाठी. ओन डॅमेजचा हप्ता 8,000 धरा. 50 टक्क्यांवर असताना एक क्लेम केला की पुढची पाच वर्षं सूट 0, 20, 25, 35, 45 अशी चढते. हप्ता तेवढाच राहिला तर हा तोटा 10,000 चा. म्हणून तीन-चार हजारांचं काम खिशातून करायचं. पण हंगामात रात्री होटगी रोडवर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली बोनेट गेलं, तर बँकेतले सात हजार कुठे पुरणार? माझ्या भाच्याचं हेच झालं. हेडलाइट, रेडिएटर, पुढचा पत्रा, सगळं गेलं. पोरगा वाचला, हे नशीब. हप्ता कमी करायचाच तर व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममध्ये आपण खिशातून भरायची रक्कम) वाढवा, निरुपयोगी ॲड-ऑन (जादा पैशांची जोड कव्हरं) काढा, तीन कंपन्यांचे दर मागवा. पण आयडीव्ही मुद्दाम खाली ओढू नका.

अण्णा, पुणे नाका
एवढं कशाला? महिनाच राहिलाय. आत्ताच पहाटे मोकळ्या रस्त्यावर शिकवा, म्हणजे वर्षभर काही होणारच नाही. आम्ही सोळाव्या वर्षी जीप चालवली.

शाळेतली बाई
अण्णा, हात जोडून सांगते, तो महिना थांबा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 199ए आहे: अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कंपनीने समोरच्याला पैसे दिले तरी ते तुमच्याकडून वसूल करू शकते. लर्निंग निघालं की लाल 'एल' लावून, शेजारी लायसन्सवाला बसवून शिकवा.

आणखी एक, याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पॉलिसीतला 15 लाखांचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. आरसी बापाच्या नावावर आणि स्टिअरिंगवर पोरगा, तर त्याला त्यातलं काही नाही. पत्र्यावर एवढी चर्चा केलीत, पोराचा वेगळा अपघात विमा आधी काढा.

जुळे सोलापूरकर
बाई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. एजंटला फोन केला. 10,900 मध्ये दोन ॲड-ऑन न विचारता धरले होते, ते काढायला लावले. फुलच घेतोय. पोराचा अपघात विमा वेगळा.

होटगी रोडवाला
तुमचं गणित एनसीबीमुळे वेगळं, हे मान्य. पण माझ्या अकरा वर्षांच्या गाडीला मी फुल घेणार नाही.

पॉलिसी वाचणारी
अकरा वर्षांच्या गाडीला नका घेऊ दादा. पण घरात नवा चालवणारा आला की तेवढं इथे कळवा.