मदत हवी आहे: किमान वेतनाचा भत्ता वाढला, टेंडरचा रेट तोच, फरक कोणी भरायचा?

राम राम मंडळी. मी अमळनेरचा, सफाईची माणसं पुरवायचं लहानसं काम करतो. एप्रिल २०२४ ला आपल्याच जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याचं टेंडर घेतलं, १४ माणसं, एक वर्ष. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, यायच्या नादात सर्व्हिस चार्ज (माझं कमिशन) किती टाकला ते विचारू नका, लाज वाटते.

भानगड अशी की जुलैपासून विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईचा भाग) वाढला, जानेवारी २०२५ पासून परत. दर सहा महिन्यांनी वाढतो हे माहीत होतं, पण मला वाटलं फरक ऑफिस देईल. मी माणसांना नवीन रेटनेच पगार टाकला, बँकेतून, एकालाही कमी नाही. आणि भत्त्यावर पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) पण बसतं ना, मालकाचे १३ आणि ३.२५ टक्के, म्हणजे शंभर वाढले की माझ्या खिशातून ११६ रुपये २५ पैसे. बिलात फरक लावला तर अकाउंटच्या साहेबांनी लाल पेनाने खोडून जुन्या रेटने पास केलं. टेंडरमधे एका पानावर 'कंत्राट कालावधीत दरवाढ मिळणार नाही' आणि पुढच्याच पानावर 'शासनाने वेळोवेळी जाहीर केलेले किमान वेतन देणे कंत्राटदारास बंधनकारक'. दोन्ही पानांवर सही माझीच.

वर एप्रिल २०२५ ला सहा महिने मुदतवाढ दिली 'त्याच अटी व शर्तींवर', तीही घेऊन बसलो. फरक लाखाच्या वर गेला भो. आता फायनल बिलासोबत 'कोणतेही येणे बाकी नाही' असं लिहून मागून राहिलेत, नाहीतर डिपॉझिट सोडणार नाही म्हणे. सही करू का नको? का कामगार आयुक्तांकडे जाऊ?

धुळेकर: दादा तसंच लिहून देऊ नको, एकदा दिलं की पुढे सगळीकडे तेच तोंडावर मारतात. माझं झालंय. 'फरकाच्या मागणीचा हक्क राखून' असं पेनाने लिही, मग सही कर, आणि झेरॉक्सवर आवक शिक्का घे. शिक्का विसरू नको.

रिटायर लेखावाला: भाऊ, कामगार ऑफिसात तुमचं काम नाही. ते माणसाला पगार पूर्ण मिळाला का एवढंच बघतील, आणि तुम्ही तर दिलाय. कंत्राटी कामगार कायद्याचं (१९७०) कलम २१(४) बरेच जण दाखवतात, पण ते उलटं आहे, कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने (इथे दवाखान्याने) द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा. म्हणजे कायदा कामगाराला सांभाळतो, तुम्हाला नाही. तुमचा फरक हा निव्वळ कराराचा विषय. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या पण तुमचं काम त्याच्या आधीचं.

मग करारात बघायचं काय, तर दरपत्रक. पगार, पीएफ, ईएसआयसी यांचे रकाने छापील आणि तुम्ही फक्त सर्व्हिस चार्ज भरला असेल तर 'दरवाढ नाही' ही अट सर्व्हिस चार्जपुरती, असं भांडता येतं, बऱ्यापैकी जोर आहे त्यात. माणशी एकच ढोबळ आकडा टाकला असेल तर अवघड, साहेब म्हणतील वाढ धरूनच भरायचं होतं. मुदतवाढीचा तुकडा वेगळा मागा, तिथे तुम्ही हरकत न घेता सही केली म्हणून तो कच्चा आहे, दोन्ही एकत्र मागितले तर पक्का भागही त्याच्यासोबत बुडतो. भत्त्याची परिपत्रकं, हजेरी, बँक स्टेटमेंट, पीएफची चलनं महिनावार लावा. लवादाची (कोर्टाऐवजी पंचाकडे जायची) अट आहे का बघा. दाव्याला साधारण तीन वर्षं असतात, तेव्हा जुलै २०२४ ची बिलं आधी.

धुळेकर: काका बरोबर बोलले. आणि पुढच्या वेळेस प्री-बिडला, टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीत, लेखी विचार ना भाऊ, तेव्हा कोणी तोंड उघडत नाही.

मूळ धागाकर्ता: काका, आत्ता फाईल काढली. रकाने वेगळे आहेत, पगाराचा आकडा छापीलच आहे, मी फक्त शेवटचा रकाना भरलाय!! पण खाली बारीक अक्षरात 'एकूण दर अंतिम' असंही आहे. ह्या 'एकूण'चं काय करायचं? उद्या पान स्कॅन करून टाकतो, आज लाईट नाही.