'पैतृक' म्हणजे वडिलांकडचं की वडिलोपार्जित?

रानवाट: अनुवांशिक विकारांवरच्या, पालकांसाठी असलेल्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. १५व्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा वडिलांकडून आलेल्या प्रतीतून गळाला तर प्रेडर-विली सिंड्रोम. तोच आईकडच्या प्रतीतून गळाला तर एंजलमन. मी लिहिलं 'पैतृक प्रतीतील दोष'. खर्डा वाचून एका आईने विचारलं, "म्हणजे यांच्या घराण्यात होतं का हे?" तिथेच अडलेय. शिवाय जीनोमिक इम्प्रिंटिंगला, म्हणजे जनुकाची प्रत आईकडची की वडिलांकडची यावर ती चालू की बंद हे ठरण्याच्या प्रकाराला, काय म्हणू? 'मुद्रण' छापखान्यातलं वाटतं.

शब्दवेल्हाळ: तिने बरोबरच वाचलं. पैतृक संपत्ती म्हणजे वडिलोपार्जितच. इम्प्रिंटिंगला 'जनुकीय ठसा' म्हणा की.

तळटीप: ठसा उमटला की गोष्ट उठून दिसते. इथे बहुतेकदा जनुक गप्प होतं. मेंदूच्या चेतापेशींत यूबीई३ए हे जनुक आईकडचंच बोलतं, वडिलांकडचं धडधाकट असून मुकं. मी 'मोहोरबंद' म्हणेन.

शब्दवेल्हाळ: 'मुद्रा' घरात असताना फारसी मोहोर कशाला? प्राण्यांच्या वर्तनातल्या इम्प्रिंटिंगला, म्हणजे बदकाचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्यांदा दिसेल त्याच्याच मागे लागतं त्याला, प्राणिवर्तनतज्ज्ञ लॉरेन्झचा जर्मन शब्द 'प्रेगुंग', म्हणजे नाण्यावर छाप पाडणं. मुद्रांकन!

तळटीप: फारसी नको तर 'कागद'ही सोडा. आणि गुणसूत्रांसाठी हा शब्द हेलन क्राउस यांनी १९६०मध्ये वापरला, तो माशीवरच्या कामात. बदकांच्या पिल्लांचा इथे संबंध नाही.

अर्धविराम: मोहोर काय, मुद्रा काय, दोन्ही कायमच्या वाटतात. मुलीला वडिलांकडून मिळालेल्या गुणसूत्रावर 'वडिलांकडचं' अशी खूण असते. तिची बीजांडं घडताना ती पुसली जाते, 'आईकडचं' अशी नवी बसते. तिच्या बाळाला आजोबांचाच तुकडा मिळाला तरी तो आईकडचा म्हणून वागतो. पुसता येते ती खूण. 'जनकखूण' कसा वाटतो?

शब्दवेल्हाळ: जनक म्हणजे बाप. आई कुठे गेली?

रानवाट: मला त्या आईचा प्रश्न सोडवत नाही. तुकडा बहुतेक वेळा बीजपेशी घडताना नव्यानेच गळतो, वडिलांच्या स्वतःच्या गुणसूत्रांत तो शाबूत असतो. 'पैतृक दोष' वाचून घरात कोणावर तरी बोट जाणार. तूर्त 'वडिलांकडून आलेली प्रत' लिहितेय. तक्त्यात मावत नाही.

तळटीप: तक्ता मोठा करा. पण आधी ते 'अनुवांशिक' सुधारा. 'आनुवंशिक' हवं, आदिस्वराची वृद्धी होते.

अर्धविराम: दवाखान्यात सगळे अनुवांशिकच म्हणतात हो. रूढ झालंय ते.

शब्दवेल्हाळ: रूढ झालं म्हणून शुद्ध होत नाही. 'वार्षिक'चं कोणी 'वर्षिक' करतं का?