मदत हवी आहे: जलचक्राच्या मॉडेलमध्ये डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखाच पाऊस पडतोय

मंडळी, नाशिकहून लिहितेय. मुलगी सातवीत आहे, पुढच्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन. जलचक्र हा विषय तिनेच निवडला. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, त्यामुळे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं आजोळ तिने पाहिलंय. आणि पावसाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीला आलो की गाडीच्या काचेतून पुढचा रस्ता दिसत नाही, हेही पाहिलंय. समुद्र तोच, वारा तोच, मग असं का, एवढाच तिचा प्रश्न.

पहिला भाग छान जमला. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घातलं, साधारण समुद्राइतकंच खारट. दोन ताटल्यांत सारखं ओतून एक पंख्याखाली ठेवली, दुसरी बंद खोलीत. पंख्याखालची आधी सुकली, तळाला मिठाचे बारीक चौकोनी खडे. पाणी उकळावं लागत नाही, वारा लागला तरी वाफ सुटत राहते, हे तिला तिथे कळलं. जगातल्या एकूण बाष्पीभवनापैकी सुमारे ८६ टक्के समुद्रावरून होतं आणि त्यातलं बहुतेक पाणी पाऊस होऊन पुन्हा समुद्रातच पडतं. आपल्या वाट्याला येतं ते उरलेलं. तक्त्यावर हे मोठ्या अक्षरात लिहायचा तिचा हट्ट आहे.

अडलंय ते पुढे. काचेच्या पेटीत एका बाजूला कोमट खारं पाणी, मध्ये शाडूचा सह्याद्री, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर बर्फ. थेंब धरतात, चाखले तर गोड लागतात. पण पडतात दोन्हीकडे सारखेच! खरं तर इगतपुरीला वर्षाला ३००० मि.मी.हून जास्त, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नरला त्याहूनही कमी. बर्फ फक्त पश्चिमेला ठेवला तर जमतं, पण मुलगी म्हणते, ‘आई, हे खोटं आहे. डोंगर काहीच करत नाहीये.’ मलाही ते पटत नाही. कुणी काही सुचवाल का?

प्रतिसाद:
ताई, मुलीचं अगदी बरोबर आहे. पेटीत गारवा झाकणाचा आहे, घाटात हवा स्वतःच गार होते. दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर दाब कमी म्हणून फुगते आणि फुगताना गार पडते. पलीकडे उतरताना दाबली जाते, तापते, ढग विरतात. पेटी राहू द्या, शेजारी प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवा. तळाला चमचाभर कोमट पाणी, आत विझलेल्या काडीचा धूर, झाकण घट्ट. जोरात दाबा आणि एकदम सोडा, आत ढग दिसेल. पुन्हा दाबा, गायब. धूर कशाला असं विचारलं तर सांगा, बाष्पाला थेंब व्हायला कण लागतो. समुद्रावर लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे कण तेच काम करतात.

धागाकर्ती:
केलं! दोनदा काहीच दिसलं नाही, धूर कमी पडला होता. तिसऱ्यांदा ढग आला. ‘सोडलं की इगतपुरी, दाबलं की सिन्नर’ असं ती घरभर करून दाखवतेय. मनापासून आभार. फक्त ट्यूबलाइटखाली ढग फिका वाटतो, वर्गात मागच्या मुलांना दिसेल का?

प्रतिसाद:
बाटलीमागे काळा कार्डशीट लावा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. दिसेल.