कुटुंब मोठे की उपभोग मोठा?

रामबागकर : गेल्या आठवड्यात इंदुरातच एका बारशाच्या पंगतीत, अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांनी 'तुमच्याकडची लोकसंख्या आटोक्यात आली की हवामानाचा प्रश्न निम्मा सुटेल', असे सांगून टाकले. बारशात हे बोलणे औचित्याला धरून नव्हतेच, पण ते हिशेबालाही धरून नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन, आणि जिथे बाईमागे सरासरी सहा मुले आहेत त्या नायजरमध्ये जेमतेम एका टनाचा दहावा भाग. म्हणजे पाहुण्यांचे चौकोनी कुटुंब आपल्याकडच्या २८ माणसांच्या बरोबरीचे झाले. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुले, २.० वर आला असून मध्य प्रदेशाचाही तेवढाच आहे. पाळणा इथे केव्हाच लांबला. तिकडचा उपभोग मात्र कोणी लांबवत नाही.

जलूदचे पाणी : हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. दोन टनांची ही सरासरी झोपडी आणि बायपासलगतचा बंगला एकत्र करून काढलेली आहे, आणि आपण मंडळी गरिबांच्या आकड्याआड उभे राहून अमेरिकेला बोल लावतो. संख्याही गौण नाही. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते. माणसे वाढली की ती वीज वाढणारच.

रामबागकर : शहर फुगते आहे ते अधिक मुले झाल्यामुळे नव्हे, तर खेड्यांतून माणसे कामासाठी येत असल्यामुळे. बंगल्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

जुनी विद्यार्थिनी : दोघांनीही राजकीय इच्छाशक्तीचा विषय टाळला आहे. अमेरिका २०२० मध्ये हवामानविषयक पॅरिस करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. अशा धरसोडीत कोणते धोरण टिकेल? याउलट २०२३ मध्ये आपल्या नगर निगमाने जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि लोकांनी भरभरून पैसे दिले. नेत्याने मागितले तर लोक देतात.

जलूदचे पाणी : त्या रोख्यांवर ८.२५ टक्के व्याज होते, हे आपण सांगितले नाही. ती गुंतवणूक होती, त्याग नव्हे. त्याग मागितला तेव्हा काय झाले ते पाहा: बससाठी राखलेली सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस मार्गिका, मोटारींना अडचण होते म्हणून, २०२५ मध्ये आपण उखडायला घेतली.

रामबागकर : ती निघणार हे कळले तेव्हा मला आनंद झाला होता, कारण माझी मोटार रोज त्याच रस्त्यावर अडकत असे. पंगतीत मी हे पाहुण्यांना सांगितले नाही.